दोन ट्रान्सफॉर्मर जोडून घूंघूं जाईल का?

प्रश्न : घरीच हार्मोनियम रेकॉर्ड करतो, हेडफोनमध्ये मागे सतत बारीक घूंऽऽ येतं. 230 व्होल्टचे 115 करणारे 500 व्हीएचे (व्हीए म्हणजे किती लोड पेलतो त्याचं माप) दोन ट्रान्सफॉर्मर पडून आहेत, ते जोडून बॅलन्स्ड पॉवर, म्हणजे दोन्ही वायरवर अर्थपासून सारखाच पण उलट व्होल्टेज असलेला सप्लाय, करता येईल का?

उत्तर : येईल, पण आधी ते ऑटो ट्रान्सफॉर्मर नाहीत ना ते बघा. सप्लायपासून पूर्ण सोडवा, मल्टीमीटर ओहमवर टाकून एक प्रोब इनपुटला, एक आउटपुटला लावा. काहीही रीडिंग आलं तर आत एकच वाइंडिंग आहे, या कामाला बाद.

दोन्हींत इनपुट-आउटपुट सुटे निघाले तर प्रायमरी (इनपुटची वाइंडिंग) पॅरलल, सेकंडरी (आउटपुटची) सिरीजमध्ये. सेकंडरीचं एकेक टोक जोडलं की उरलेल्या दोन टोकांत 230 च्या आसपास यायला हवं, शून्याजवळ आलं तर एकीची टोकं उलटी करा. पहिल्यांदा चालू करताना इनपुटच्या वायरमध्ये सिरीजला साधा फिलामेंटचा बल्ब ठेवा, काही चुकलं तर फक्त बल्ब लागेल. सेकंडरींचा मधला जोड, म्हणजे सेंटर टॅप, अर्थिंगला द्यायचा. झालं 115-0-115, मिळून 1000 व्हीए, म्हणजे सव्वाचार अँपिअरच्या आसपास.

फायदा कुठे होतो, तर प्रत्येक उपकरणाच्या फिल्टरमधले छोटे कॅपॅसिटर अर्थमध्ये थोडा करंट सोडत असतात, दोन्ही बाजू सारख्या आणि उलट झाल्या की तो बराचसा आपापसात कटतो. अमेरिकेत हेच 60-0-60 व्होल्टचं करतात, त्यांच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडात त्यासाठी 647 नंबरचं आर्टिकलच आहे.

आता नीट ऐका, यात न्यूट्रल उरतच नाही, दोन्ही वायर जिवंत. साधा सिंगल पोल स्विच बंद केला तरी दुसऱ्या वायरवर 115 असतातच, म्हणून दोन्ही वायर एकदम तोडणारा डबल पोल एमसीबी आणि 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी (अर्थमध्ये गळती झाली की सप्लाय तोडणारा स्विच), तीही ट्रान्सफॉर्मरच्या आउटपुटच्या बाजूला, कारण घरच्या बोर्डावरच्या आरसीसीबीला पलीकडची गळती कळत नाही. जोडणी लायसन्सवाल्या वायरमनकडूनच करून घ्या.

आणि खरं सांगू का, एवढा उपद्व्याप करण्याआधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून बघा. घूंऽऽ गेलं तर बहुतेक ग्राउंड लूप आहे, म्हणजे उपकरणं एकाहून जास्त वाटांनी अर्थला जोडली जाऊन त्यात करंट फिरतोय, तो सेंटर टॅपने जाईलच असं नाही. सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या, तरीही राहिलं तर ऑडिओच्या वायरमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला, तो तळहातावर मावतो. घूंऽऽ घालवायला अर्थच्या पिनला टेप मात्र लावू नका, ते बऱ्याच ठिकाणी बघतो आणि पोटात गोळा येतो.