डांबरात टायरचा चुरा मिसळताना

पहिल्यांदाच करताय, तर आधी चुरा हातात घेऊन बघा. तारेचे तुकडे, धागे नकोत आणि तो कोरडा हवा. ओलसर चुरा गरम डांबरात पडला की फेस उसळून टाकीबाहेर येतो.

प्रमाण डांबर-रबर मिश्रणाच्या वजनाच्या १८ ते २० टक्के धरा. डांबर साधारण १९० अंश सेल्सिअसला असताना चुरा हळूहळू सोडा आणि तापमान १७५च्या खाली जाऊ न देता किमान ४५ मिनिटं ढवळत ठेवा. रबर विरघळत नाही, डांबरातलं तेल शोषून फुगतं. घाई केली तर हेच फुगणं पुढे रस्त्यात होतं. ढवळणं थांबलं की चुरा तळाशी बसतो. उलट रात्रभर तापवत ठेवलं तर रबर तुटून मिश्रण पातळ होतं. म्हणून वापरण्याआधी चिकटपणा मोजाच.

खडीत मधले आकार कमी ठेवा, नाहीतर रबराच्या कणांना जागाच उरत नाही. दाबाईला स्टीलचे रोलर, पेव्हरच्या (माल रस्त्यावर पसरणाऱ्या यंत्राच्या) अगदी मागोमाग. टायरचा रोलर आणूच नका, माल चाकांना चिकटून उपटतो. स्टीलच्या रोलरच्या ड्रमला माल चिकटू नये म्हणून साबणाचं पाणी चालेल, डिझेल नको.