मखाना लावायचाय, पण लाह्या कोण फोडणार?

मागच्या अंकात मखान्यावर, म्हणजे पाण्यात वाढणाऱ्या ज्या झाडाच्या बियांच्या पांढऱ्या लाह्या खातात त्यावर, चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीगच आला. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही म्हणून एकसारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : अर्धा एकराचं शेततळं आहे, प्लास्टिकचा कागद टाकलेलं, पाणी बारमाही. मोबाईलवर रोज मखान्याचे व्हिडिओ येतात. ह्यात मखाना लावला तर चालेल का?

दादा, कागदावर नाही व्हायचं. मखान्याची मुळं गाळात जातात, तिथूनच झाड खातं, त्यामुळे खाली चिकण माती आणि चिखल पाहिजेच. शिवाय पिकलेलं फळ फुटलं की बी एक-दोन दिवस पाण्यावर तरंगतं आणि मग तळाला जाऊन बसतं, ते काढायला माणसाला आत उतरून तळ चाचपावा लागतो, त्यात तुमच्या कागदाचं काय होईल तुम्हीच बघा. पण तळंच लागतं असंही नाही. बिहारमध्ये आता बरेच जण साध्या बांधाच्या शेतात फूट-दीड फूट पाणी उभं करून घेतात. नोव्हेंबर-डिसेंबरात रोपवाटिका टाकायची, फेब्रुवारी-मार्चपासून साधारण चार फुटांवर रोपं लावायची, आणि पावसाळ्यात ऑगस्टच्या आसपास बी काढायचं. म्हणजे अख्खा उन्हाळा पाणी उभं ठेवायची ताकद पाहिजे, इथेच निम्मे लोक गळतात.

प्रश्न : मखाना म्हणजे कमळाचं बी ना? मग आमच्या कमळाच्या तळ्यातूनच काढू की!

नाही हो ताई. कमळाचं बी म्हणजे कमळगट्टा, ते झाड वेगळं. मखान्याचं पान पाण्यावर परातीसारखं पसरतं, एकेक पान मीटर-दीड मीटर, आणि देठापासून फळापर्यंत सगळीकडे काटे. हात घालाल तर कळेलच.

प्रश्न : एकरी लाखोंचा नफा सांगतात तो हिशोब खरा आहे का? खरं खरं सांगा.

हिशोब मांडताना एक गंमत करतात, ती आधी पकडा. काळं बी, ज्याला तिकडे गुरी म्हणतात, आणि पांढरी लाही ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. सुधारित वाण आणि शेतातली पद्धत असेल तर हेक्टरी २५ ते ३० क्विंटल गुरी निघते, म्हणजे एकरी १० ते १२ क्विंटल. त्या गुरीची लाही वजनाने साधारण ३५ ते ४० टक्केच भरते, म्हणजे हातात चारेक क्विंटल. व्हिडिओवाले गुरीचं वजन घेतात आणि त्याला लाहीच्या भावाने गुणतात, मग लाख काय, कितीही होतील!

आणि लाही फोडणं म्हणजे ज्वारीच्या लाह्यांसारखं कढईत टाकलं की झालं असं नाही. बी उन्हात वाळवायचं, चाळण्यांनी आकाराप्रमाणे वेगळं करायचं, लोखंडी कढईत भाजायचं, मग दोन-तीन दिवस झाकून ठेवायचं, परत भाजायचं, आणि गरम असतानाच पाच-सात दाणे फळीवर घेऊन लाकडी थापीने एकच फटका. उशीर झाला की दाणा गार आणि फटका जोरात बसला की चुरा. हे काम बिहारच्या मिथिला भागातल्या मल्लाह ह्या मच्छीमार समाजाच्या घराघरात पिढ्यान् पिढ्या चालत आलंय, तळ्यात बुडी मारून गाळातून बी गोळा करणारेही तेच. हंगामात दरभंग्याकडची कुटुंबं पूर्णिया-कटिहारला लाह्या फोडायला जातात, बिहारमध्येच माणसं अशी हलवावी लागतात तर तुमच्या गावात कोण येणार? फोडायची मशीन आलीत, पण नुसत्या एक-दोन एकरांसाठी ती घेणं मला तरी पटत नाही. माझं म्हणणं सरळ आहे, रोपं नंतर बघा, आधी गुरी कोण घेणार किंवा कोण फोडून देणार ते पक्कं करा.

प्रश्न : सोबत मासे सोडले तर?

खोल तळ्यात जमतं, पण पानांनी पाणी झाकलं की प्राणवायू कमी पडतो, म्हणून हवेतून श्वास घेणारे मागूरसारखे मासे बरे. थोडा भाग पानांशिवाय मोकळा ठेवा. जाळं मात्र मखाना निघेपर्यंत विसरा, काट्यात अडकून फाटेल.

प्रश्न : बियाणं कुठून आणायचं? आणि पाकिटावर मिथिला मखाना लिहिलं तर चालेल का?

दरभंग्याला २००२ पासून मखान्याचं सरकारी संशोधन केंद्र आहे, त्यांचा स्वर्ण वैदेही हा वाण चांगला, सबौरच्या बिहार कृषी विद्यापीठाचा सबौर मखाना-१ पण आहे. २०२५ च्या केंद्रीय बजेटमध्ये बिहारमध्ये मखाना बोर्ड काढायची घोषणा झाली, पण त्या भरवशावर खर्च काढू नका. मिथिला मखाना हे नाव २०२२ पासून जीआय मानांकनाचं, म्हणजे ठरावीक भागातल्या मालासाठीच राखलेलं आहे, दुसरीकडे पिकवलेल्या मालावर ते छापता येत नाही.

बी आणताना ओलंच आणा, एकदा कडक वाळलं की उगवत नाही. एका काकांनी तर किराणा दुकानातली पांढरी लाहीच पाण्यात टाकून पाहिली म्हणे आणि "आठ दिवस झाले, कोंब नाही" असं पत्र लिहिलंय. काका, ती खाऊन टाकायची होती हो.