अमेरिकेतील राज्यांच्या विधिमंडळांत 'फ्रीडम कॉकस' कसे बांधले जातात?

आपण विचारले आहे की, ज्या राज्यांत रिपब्लिकन पक्षाचे आधीच भक्कम बहुमत आहे, तिथे त्याच पक्षाचे काही अधिक उजव्या विचारांचे आमदार 'फ्रीडम कॉकस' (कॉकस म्हणजे आमदारांचा गट) नावाचा वेगळा गट कशासाठी बांधतात, आणि संख्येने थोडे असूनही सभागृहावर त्यांचा एवढा दाब कसा पडतो. मी अमेरिकेतील राज्य विधिमंडळांचे कामकाज बऱ्याच काळापासून लक्षपूर्वक पाहत आलो आहे. माझ्या मते या गटांचे बळ विचारसरणीपेक्षा एका साध्या सोयीत आहे: ज्या आमदाराला विधेयके वाचायला वेळ आणि माणूस मिळत नाही, त्याच्यासाठी ती वाचून देणारा माणूस हे गट उभा करतात. बाकी सगळी रचना या सोयीभोवती उभी आहे.

महाराष्ट्रातील वाचकाला हा प्रकार चमत्कारिक वाटतो, त्याला कारण आहे. आपल्याकडे 1985 मध्ये 52 व्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट आले आणि पक्षाचा व्हिप झुगारून मत देणाऱ्या आमदाराची आमदारकी धोक्यात येऊ लागली. त्यामुळे पक्षांतर्गत नाराजी एकतर आतल्या आत दबून राहते, नाहीतर अख्खा गट फुटून बाहेर पडतो. पक्षात राहून, उघडपणे आणि वर्षानुवर्षे नेतृत्वाविरुद्ध मत देत राहण्याची मधली वाट आपल्या आमदाराला जवळपास उरलेलीच नाही. अमेरिकेत असा कायदा नाही. तिथे उमेदवारीसुद्धा पक्षाध्यक्षाच्या हातात नसते. ती प्रायमरी म्हणजे पक्षांतर्गत निवडणुकीत मतदार ठरवतात. मतदार पाठीशी असतील तर नेतृत्व एखाद्याची समिती काढून घेऊ शकते, पण जागा काढून घेऊ शकत नाही.

नाव आणि कार्यपद्धती या दोन्ही गोष्टी वॉशिंग्टनमधून आल्या. जानेवारी 2015 मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या प्रतिनिधीगृहात हाउस फ्रीडम कॉकस स्थापन झाला आणि जिम जॉर्डन त्याचे पहिले अध्यक्ष झाले. त्याच वर्षी जुलैमध्ये गटाचे एक संस्थापक मार्क मेडोज यांनी स्वतःच्याच पक्षाचे स्पीकर जॉन बेनर यांना पदावरून दूर करण्याचा प्रस्ताव दाखल केला आणि ऑक्टोबरअखेर बेनर पायउतार झाले. सभागृहाचे नियम नीट माहीत असलेला आणि एकदिलाने मत देणारा लहान गट स्पीकरला जेरीस आणू शकतो, हे या प्रसंगाने राज्याराज्यांतील असंतुष्ट आमदारांना दाखवून दिले.

टेक्सासमधील आमदारांनी हा धडा लगेच उचलला. तिथल्या 150 सदस्यांच्या सभागृहात 2017 मध्ये 12 जणांचा टेक्सास फ्रीडम कॉकस होता. टेक्सासचे नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदा आणि फक्त 140 दिवसांचे असते, त्यामुळे शेवटच्या आठवड्यांत प्रत्येक तासाला किंमत येते. स्थानिक आणि वादग्रस्त नसलेली विधेयके झटपट मंजूर करण्यासाठी तिथे वेगळी यादी असते आणि पाच आमदारांनी आक्षेप घेतला की विधेयक त्या यादीतून बाहेर पडते. आपली विधेयके नेतृत्व मुद्दाम अडवून ठेवते, अशी तक्रार असलेल्या या गटाने मे महिन्यात हाच नियम वापरून 100 हून अधिक विधेयके एका फटक्यात निकालात काढली. त्याच सुमारास भाषणे लांबवून मध्यरात्रीची मुदत उलटेपर्यंत त्यांनी कामकाज रेंगाळत ठेवले. त्यात काही राज्य संस्थांचे अस्तित्व टिकवणारे विधेयकही अडकले आणि जुलैमध्ये विशेष अधिवेशन बोलवावे लागले.

मात्र टेक्सासचा गट स्थानिक आमदारांनी स्वतःच्या हिकमतीवर बांधला होता. ही पद्धत इतर राज्यांत संघटितपणे पोहोचवण्याचे काम डिसेंबर 2021 मध्ये सुरू झाले, जेव्हा अटलांटा येथे 'स्टेट फ्रीडम कॉकस नेटवर्क' या संस्थेची घोषणा झाली. तिचे अध्यक्ष अँड्र्यू रॉथ आधी 'क्लब फॉर ग्रोथ' या करकपातवादी संघटनेत होते, आणि तिच्यामागे माजी सिनेटर जिम डेमिंट यांनी 2017 मध्ये स्थापन केलेल्या 'कन्झर्व्हेटिव्ह पार्टनरशिप इन्स्टिट्यूट'चा आधार होता. काही वर्षांतच सुमारे डझनभर राज्यांत तिच्याशी जोडलेले गट उभे राहिले. 1973 पासून काम करणारी 'एलेक' ही पुराणमतवादी संस्था आमदारांना तयार नमुना विधेयके पुरवते आणि तिचा वावर बहुतांशी प्रस्थापित नेतृत्वासोबत असतो. नव्या नेटवर्कने याच्या उलट टोक पकडले. प्रत्येक राज्यातील गटाला एक पूर्णवेळ, पगारी संचालक द्यायचा, त्याने अधिवेशनात येणारी विधेयके वाचून त्यांतील खाचाखोचा आणि मतदानाची शिफारस गटातील आमदारांना कळवायची, अशी ही व्यवस्था आहे.

एक पगारी माणूस म्हणजे फार मोठी गोष्ट नाही असे वाटेल, म्हणून राज्य विधिमंडळांची अवस्था सांगणे आवश्यक आहे. अमेरिकेत राज्य आमदारांची संख्या सात हजारांहून अधिक आहे आणि त्यांतील बहुतेकांना हे काम आपला व्यवसाय सांभाळून करावे लागते. न्यू हॅम्पशायरच्या प्रतिनिधीगृहात 400 सदस्य आहेत आणि प्रत्येकाला दोन वर्षांच्या मुदतीसाठी 200 डॉलर मिळतात. वायोमिंगमध्ये आमदाराला कामाच्या दिवसाला 150 डॉलर मिळतात आणि त्याला स्वतःचा सचिव किंवा संशोधक नसतो. मसुदे करून देणारे कर्मचारी असतात, पण ते सर्वांसाठी सामाईक आणि पक्षनिरपेक्ष असतात. शेती, शाळा किंवा वकिली सोडून काही आठवड्यांसाठी राजधानीत आलेल्या माणसासमोर शेकडो विधेयके येतात. ती सगळी वाचणे त्याला शक्य नसते, म्हणून तो समितीच्या अध्यक्षाकडे, पक्षाच्या नेत्याकडे किंवा एखाद्या लॉबिस्टकडे पाहून मत देतो. नेतृत्वाची खरी पकड या अवलंबित्वात होती आणि फ्रीडम कॉकसने नेमकी तीच सैल केली. या विचारांशी सहमत नसलेल्या माणसानेही हे मान्य केले पाहिजे की, विधेयक वाचून मत देण्याची सोय करून देणे हे काम मुळात चांगले आहे. ते काम विधिमंडळाने स्वतःच्या खर्चाने करायला हवे होते. ते न केल्यामुळे ही जागा अशा संस्थांनी भरली, ज्यांच्यावर आपले सर्व देणगीदार जाहीर करण्याचे बंधन नाही, आणि माझा आक्षेप त्यावर आहे.

नेतृत्वाने प्रतिकार केला नाही असे नाही. दक्षिण कॅरोलायनात 2022 च्या निवडणुकीनंतर 124 पैकी 88 जागा रिपब्लिकनांकडे होत्या आणि सुमारे 20 जण फ्रीडम कॉकसमध्ये होते. पक्षाच्या अधिकृत कॉकसने, म्हणजे सर्व रिपब्लिकन आमदारांच्या गटाने, जानेवारी 2023 मध्ये सदस्यांपुढे निष्ठेचे प्रतिज्ञापत्र ठेवले. त्यातील मुख्य अट अशी होती की विद्यमान रिपब्लिकन आमदाराविरुद्ध कोणीही प्रचार करायचा नाही. फ्रीडम कॉकसच्या सदस्यांनी सही करण्यास नकार दिला आणि ते अधिकृत कॉकसच्या बाहेर फेकले गेले. याच राज्यात त्यांनी एक कायदेशीर लढाईही लढली. तिथल्या नैतिकता कायद्यानुसार पक्ष, वंश किंवा लिंग यांच्या आधारे बनलेल्या कॉकसला निधी गोळा करता येत असे, पण विशिष्ट विचारांच्या कॉकसला ती मुभा नव्हती. हा भेद अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरुद्ध असल्याचा दावा घेऊन गट संघीय न्यायालयात गेला आणि 2023 मध्ये तिथे जिंकला. माझ्या दृष्टीने हा निकाल न्याय्य होता. पक्षाला जे चालते ते पक्षातील गटाला चालू नये, याला तत्त्वाचा आधार नव्हता.

मिझुरीत हा संघर्ष 34 सदस्यांच्या सिनेटमध्ये, म्हणजे राज्याच्या वरिष्ठ सभागृहात, झाला आणि तिथे हत्यार होते फिलिबस्टर, म्हणजे अखंड बोलत राहून मतदान रोखणे. जानेवारी 2024 मध्ये सिनेटचे नेते कॅलेब राउडेन यांनी फ्रीडम कॉकसच्या चार सिनेटरांची समित्यांची अध्यक्षपदे काढून घेतली; त्यांच्या वाहनतळातील जागासुद्धा बदलल्या गेल्या. शिक्षेचा परिणाम उलटाच झाला. वसंत ऋतूत याच गटाने राज्याच्या मेडिकेड (गरिबांसाठीची सरकारी आरोग्य विमा) योजनेला पैसा पुरवणाऱ्या रुग्णालय कराच्या नूतनीकरणावर सुमारे 41 तास सभागृह धरून ठेवले. हा कर आधी मंजूर करायचा की आपल्या मागण्या, विशेषतः जनतेच्या याचिकेद्वारे घटनादुरुस्ती करणे अवघड करण्याचा प्रस्ताव, आधी मार्गी लावायच्या, असा तो वाद होता. शेवटी कर मंजूर झाला आणि याचिकेचा प्रस्ताव डेमोक्रॅट सिनेटरांनी केलेल्या त्याहूनही लांब फिलिबस्टरमुळे बारगळला. शिक्षा झालेल्या चौघांपैकी डेनी हॉस्किन्स त्याच नोव्हेंबरमध्ये राज्यभरातून मिझुरीचे सेक्रेटरी ऑफ स्टेट (राज्यातील निवडणुकांचे काम पाहणारे अधिकारी) म्हणून निवडून आले. अध्यक्षपद काढून घेतल्याने मतदारांच्या नजरेत माणूस लहान होतो, हा नेतृत्वाचा समज किती जुना झाला होता, हे यावरून दिसते.

आता वायोमिंग, कारण तिथे ही कहाणी सर्वांत पुढे गेली. राज्याची लोकसंख्या पावणेसहा लाखांच्या आसपास आणि प्रतिनिधीगृहात 62 सदस्य, म्हणजे एका आमदारामागे साधारण 9,300 माणसे. तिथे सम वर्षांत अर्थसंकल्पीय अधिवेशन भरते आणि त्यात अर्थसंकल्पाव्यतिरिक्त कोणतेही विधेयक नुसते दाखल करून घ्यायलासुद्धा दोन तृतीयांश मते लागतात, म्हणजे 62 पैकी 42. दुसऱ्या बाजूने पाहिले तर 21 जणांनी 'नाही' म्हटले की विधेयक दारातच थांबते. 2024 मध्ये फ्रीडम कॉकस आणि त्याच्या साथीदारांकडे यापेक्षा थोडी जास्त मते होती. वर्षभर बैठका घेऊन, साक्षी ऐकून, समित्यांनी तयार केलेली अनेक विधेयके त्यांनी चर्चेविना पाडली. नियमाच्या दृष्टीने यात काही गैर नव्हते, पण ते मतदान पाहताना मला मनापासून वाईट वाटले. ज्या विधेयकावर दोन्ही बाजूंच्या लोकांनी महिनोनमहिने काम केले, ते का नको हे सांगण्याचे सौजन्य त्या लोकांना मिळायला हवे होते.

त्यानंतर ऑगस्ट 2024 ची प्रायमरी आली. एवढ्या लहान मतदारसंघांत काही शे मतांनी निकाल फिरतो, त्यामुळे घरोघरी पोहोचणारी छापील पत्रके फार प्रभावी ठरतात. काही पत्रकांत असा आरोप होता की अमुक आमदाराने ट्रम्प यांचे नाव मतपत्रिकेवरून काढण्याच्या बाजूने मत दिले. प्रत्यक्षात ते मतदान राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटने न्यायालयीन खटल्यांत उतरावे की नाही, यासंबंधीच्या अर्थसंकल्पातील एका तरतुदीवर होते, आणि दोन आमदारांनी या पत्रकांवरून बदनामीचा दावा दाखल केला. तत्कालीन स्पीकर अल्बर्ट सॉमर्स सिनेटसाठी उभे होते, तेही प्रायमरीत हरले. नोव्हेंबरनंतर फ्रीडम कॉकसकडे प्रतिनिधीगृहाचे बहुमत आले. देशातील कोणत्याही राज्यात असे प्रथमच घडले. चिप नीमन स्पीकर झाले.

येथून गटाचे काम बदलले आणि मला हाच भाग सर्वांत बोधक वाटतो. अडवण्यासाठी एक तृतीयांश मते पुरतात, पण करून दाखवण्यासाठी दुसरे सभागृह आणि गव्हर्नरही लागतो. 2025 च्या अधिवेशनात पहिल्या दहा दिवसांत पाच विधेयके प्रतिनिधीगृहात मंजूर करण्याचा कार्यक्रम त्यांनी जाहीर केला आणि तो पार पाडला. त्यांपैकी मतदार नोंदणीसाठी नागरिकत्वाचा आणि रहिवासाचा पुरावा मागणारे विधेयक गव्हर्नर मार्क गॉर्डन यांच्या सहीविना कायदा झाले. घरांवरील मालमत्ता करात 25 टक्के कपात झाली, मात्र गटाला याहून मोठी कपात हवी होती. पूरक अर्थसंकल्प सिनेटने पुढे जाऊ दिला नाही आणि त्या वर्षी तो झालाच नाही. विरोधात असताना एकसंध राहणे सोपे असते. शाळांचा, रस्त्यांचा, विद्यापीठाचा पैसा कुठून आणायचा हे ठरवताना प्रत्येक आमदाराला आपापला तालुका आठवतो.

या पद्धतीची नक्कल मध्यममार्गीही करू लागले आहेत, हे लक्षात घेतले पाहिजे. मोंटानाच्या 50 सदस्यांच्या सिनेटमध्ये 2025 मध्ये 32 रिपब्लिकन होते. त्यांतील नऊ जणांनी 18 डेमोक्रॅटांसोबत मते देऊन 27 चे कामचलाऊ बहुमत उभे केले आणि स्वतःच्या पक्षाचे नेतृत्व वारंवार बाजूला सारले. टेक्सासमध्ये त्याच जानेवारीत डस्टिन बरोज 85 विरुद्ध 55 मतांनी स्पीकर झाले. त्यांच्या 85 मतांत 49 डेमोक्रॅटांची होती, आणि रिपब्लिकन कॉकसने पुरस्कृत केलेले डेव्हिड कुक हरले. म्हणजे उजवीकडचा गट नेतृत्वाला खेचतो, तेव्हा मधले लोक विरोधी पक्षाशी हात मिळवतात, आणि त्याबद्दल त्यांना पुढच्या प्रायमरीत जाब द्यावा लागतो.

आपल्याला एखाद्या राज्यातील गटाची ताकद अजमावायची असेल तर सदस्यसंख्या नंतर पाहावी. आधी त्या सभागृहात विधेयक अडवायला किती मते पुरतात, अधिवेशन किती दिवसांचे असते आणि प्रायमरी कोणत्या महिन्यात होते, एवढे तपासावे. ही सारी माहिती राज्य विधिमंडळांच्या संकेतस्थळांवर खुली असते, आणि वायोमिंगसारख्या राज्यांत सभागृहाचे कामकाज घरबसल्या थेट पाहताही येते.