स्टँडअप पाऊण तास का चालतो? : ॲजाइलविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी नाशिकला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्हाला वॉटरफॉल शिकवलं, मुलाखतीत मात्र ॲजाइलबद्दल विचारतात. नेमका फरक काय?

वापरणाऱ्याच्या हातात चालतं सॉफ्टवेअर कधी पडतं, इथे खरा फरक आहे. वॉटरफॉलमध्ये आधी सगळ्या गरजा लिहून घ्यायच्या, मग डिझाइन, मग कोडिंग आणि शेवटी टेस्टिंग. ग्राहकाला काही दिसेपर्यंत वर्ष उलटतं. या पायऱ्यांचं चित्र अमेरिकी संगणकतज्ज्ञ विन्स्टन रॉइस यांच्या १९७०च्या निबंधात आहे, पण असं एका दमात सरळ खाली उतरत जाणं धोक्याचं आहे, हेही त्यांनी तिथेच लिहून ठेवलं होतं.

ॲजाइलमध्ये थोडं थोडं करायचं आणि दर थोड्या दिवसांनी चालतं सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला द्यायचं. समजा, किराणा दुकानासाठी ऑर्डर घेणारं ॲप करायचं आहे. पहिल्या दोन आठवड्यांत एवढंच करा : गिऱ्हाइकाने यादी पाठवली की ती दुकानदाराला दिसावी. ते त्याच्या हातात द्या. दुसऱ्याच दिवशी तो विचारेल, “यात उधारी कुठे मांडायची?” गरजा लिहून घेताना त्याने उधारीचं नाव काढलं नव्हतं, कारण त्याच्या लेखी ती सांगायची गोष्टच नाही. अशा न सांगितलेल्या गोष्टी लवकर कळाव्यात, यासाठी हा सगळा खटाटोप.

फेब्रुवारी २००१मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात स्नोबर्ड इथे १७ जण जमले आणि त्यांनी ॲजाइलचा जाहीरनामा लिहिला. त्यात चार मूल्यं आणि १२ तत्त्वं आहेत. मुलाखतीत “ॲजाइलमध्ये डॉक्युमेंटेशन नसतं” असं मात्र सांगू नका. चालत्या सॉफ्टवेअरचं मोल अधिक, असं जाहीरनामा म्हणतो. कागदपत्रांनाही मोल आहे, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे.

प्रश्न : हिंजवडीतली आमची १४ जणांची टीम. रोजचा स्टँडअप, म्हणजे कामाची छोटी बैठक, पाऊण तास चालतो. मॅनेजर एकेकाला काल काय केलं ते विचारतात, बाकीचे फोनमध्ये. हे असंच असतं का?

नाही. तुमचा होतो तो हजेरीपट. स्क्रम ही ॲजाइलची एक पद्धत, तिच्या अधिकृत पुस्तिकेत, म्हणजे स्क्रम गाइडमध्ये, या बैठकीला १५ मिनिटं दिली आहेत आणि ती काम करणाऱ्यांनी पुढच्या दिवसाचं काम आपसांत ठरवावं म्हणून. टीमही साधारण दहा किंवा त्याहून कमी जणांची असावी, असं तिथे म्हटलं आहे. १४ जणांच्या दोन टीम होतात का, ते आधी बघा.

दुसरं, माणसांवरून फिरू नका, बोर्डावरून, म्हणजे कोणतं काम कुठवर आलं ते रकान्यांत दाखवणाऱ्या फळ्यावरून फिरा. ‘झालं’च्या सर्वांत जवळ पोचलेलं काम आधी घ्या आणि ते आज संपवायला काय लागेल एवढंच विचारा. पूर्वी मी ज्या टीममध्ये होतो, तिथे एक जण सलग तीन दिवस “चालू आहे” म्हणत राहिला. त्याला टेस्ट सर्व्हरचा ॲक्सेसच मिळालेला नव्हता. वरिष्ठांसमोर “अडकलोय” म्हणायला माणूस कचरतो, आणि आपल्याकडे जरा जास्तच कचरतो. म्हणून मॅनेजरांना माझी कळकळीची विनंती आहे : दोन आठवडे त्या बैठकीला जाऊ नका. बोर्ड बघा, सगळं कळेल.

प्रश्न : आमच्या टीमचे स्प्रिंटला (कामाच्या ठरावीक मुदतीच्या टप्प्याला) ३० पॉइंट होतात, शेजारच्या टीमचे ४५. आम्ही कमी काम करतो, असं म्हटलं जातं.

हा अन्याय आहे. स्टोरी पॉइंट हे एकाच टीमने आपल्याच कामांची आपसांत केलेली तुलना असते : हे काम त्याच्या दुप्पट वाटतं, एवढंच. शेजाऱ्यांचं माप वेगळं. तुलनेचा दबाव वाढला की पुढच्या महिन्यात तीनचं काम पाचचं होतं, आकडा चढतो आणि काम तिथल्या तिथेच राहतं. स्क्रम गाइडमध्ये तर स्टोरी पॉइंट हा शब्दही नाही.

प्रश्न : ठाण्यात एका बँकेच्या सिस्टीमचं सपोर्ट आम्ही बघतो. रोज तातडीची तिकिटं, म्हणजे तक्रारींच्या नोंदी, येतात, त्यामुळे एकही स्प्रिंट ठरल्याप्रमाणे होत नाही. आमचं काय चुकतं?

तुमचं काही चुकत नाही, स्प्रिंटचा साचा तुमच्या कामाला बसत नाही. तुम्ही कानबान वापरा. ही पद्धत टोयोटाच्या कारखान्यातून आली. ताइइची ओनो यांनी ती तिथे रुजवली. सॉफ्टवेअरवाल्यांनी तिच्यातला बोर्ड उचलला, पण तिचा जीव हातातल्या कामांवरच्या मर्यादेत आहे, आणि तीच बहुतेक ठिकाणी गळते.

हिशेब करून बघा. टीम दिवसाला सरासरी दोन तिकिटं संपवते आणि २० उघडी आहेत, तर एका तिकिटाला सरासरी दहा दिवस लागणार. तोच वेग ठेवून उघडी तिकिटं आठवर आणली, तर चार दिवस. जास्त वेळ न बसता हे होतं, कारण काम कुणाच्या तरी टेबलावर नुसतं पडून राहत नाही. म्हणून ‘चालू’च्या रकान्यावर आकडा लिहा. तो भरला की नवं तिकीट उचलायचं नाही, सहकाऱ्याचं अडलेलं सोडवायचं. खऱ्या तातडीसाठी एक वेगळी रांग ठेवा, तीत एका वेळी एकच तिकीट. “सगळंच तातडीचं आहे” म्हणणाऱ्याला मग त्यातलं एक निवडावं लागतं.

प्रश्न : कोल्हापुरात माझी आठ जणांची कंपनी आहे. क्लायंट रक्कम आणि तारीख दोन्ही आधीच ठरवून घेतो. मग ॲजाइल कसं जमायचं?

जमतं. रक्कम आणि तारीख पक्की असू द्या, यादी मात्र लवचीक ठेवा. करारात एक कलम घाला : सुरू न झालेलं काम काढून तेवढ्याच आकाराचं दुसरं काम जादा पैशांशिवाय घेता येईल. यादीचा क्रम क्लायंटकडून लावून घ्या आणि सर्वांत गरजेचं आधी बांधा. वेळ कमी पडला, तर उरेल ते तळाचं. आणि दर दोन आठवड्यांच्या डेमोला करारावर सही करणारे साहेब आले नाहीत तरी चालेल, पण ज्यांना ते सॉफ्टवेअर रोज वापरायचं आहे, त्यांच्यातला एक जण हवाच. तशी अट पहिल्याच बैठकीत घाला, नंतर ती मान्य करून घेणं अवघड जातं.