अपडेट चालू असताना फोन बंद पडला तर तो कायमचा जातो का?

डाउनलोड अर्धवट राहिलं तर काहीच बिघडत नाही. आमच्याकडे गोव्यात, डिचोलीत पावसात लाइट गेली की राउटर बंद पडतो. लाइट आल्यावर उरलेलं उतरतं. पूर्ण उतरलं की फोन त्यावरची कंपनीची डिजिटल सही तपासतो, ती जुळली तरच पुढे जातो. जपायचं ते त्यानंतर, इन्स्टॉल होताना.

यावरून आमच्या घरात २०१७ च्या गणेश चवथीपासून वाद आहे. चवथीच्या आदल्या रात्री बाबांच्या फोनवर अपडेट मीच लावला. पडद्यावर तो अँड्रॉइडचा हिरवा रोबो, उघडं पोट, आत काहीतरी फिरतंय, खाली पट्टी. पट्टी पाऊण भरली आणि थांबली. दहा मिनिटं हलेना. दादाला धीर नव्हता. मी नको नको म्हणेपर्यंत त्याने मागचं झाकण काढून बॅटरी उपटली. फोन लोगोवर अडकला तो अडकलाच. दुकानदाराने न विचारता सगळं पुसून सॉफ्टवेअर मारलं. आदल्या वर्षीच्या माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या फळाफुलांच्या चौकटीचे, फोटो त्यात होते. ती बाबांनी स्वतः बांधली होती: कांगलां, तोरिंगणं, सुपारीचे घोस. यंदाची तशीच बांधायची म्हणून ते रोज ते फोटो काढून बघायचे.

दादा आजही म्हणतो, ‘तू अपडेट केलाच कशाला?’ म्हणून सविस्तर लिहितोय. अपडेट सिस्टीमच्या भागात लिहिला जातो, फोटो वेगळ्या भागात असतात. बॅटरी काढल्यावरही फोटो जागेवरच असणार. ते गेले दुकानात. आणि दुकानात जायची वेळ आली ती बॅटरी उपटल्यामुळे. बाबांच्या फोनातल्या जुन्या पद्धतीत नवीन सिस्टीम जुनीच्याच जागेवर लिहिली जायची. मध्येच वीज तुटली तर अर्धी जुनी, अर्धी नवी. थांबलेलं काम पुन्हा सुरू करायची सोय त्यातही असते, पण बाबांच्या फोनला ती साधली नाही.

अँड्रॉइड ७ पासून, म्हणजे २०१६ पासून, दोन कप्प्यांची पद्धत आली. तुम्ही फोन वापरत असता, नवीन सिस्टीम रिकाम्या कप्प्यात लिहिली जाते, रीस्टार्टला फोन तिकडे वळतो. तिथून सुरू झाला नाही तर जुन्या कप्प्यावर परत येतो. त्यामुळे ‘अपडेटने फोन मरतो’ म्हणत सिक्युरिटी पॅच, म्हणजे सुरक्षेतली भोकं बुजवणारे अपडेट, वर्षानुवर्षं टाळणं चूकच.

मात्र ही पद्धत त्यानंतरच्याही सगळ्या फोनांत लगेच आली नाही. तुमचा जुना असेल तर आधी फोटो दुसरीकडे उतरवून घ्या, चार्जरला लावा आणि पट्टी थांबली तरी तासभर हात लावू नका. मोठा अपडेट आला की आठवडाभर थांबलात तरी चालेल. कंपन्याही तो आधी थोड्याच फोनांना पाठवतात, आणि एकदा नव्या आवृत्तीवर गेलात की जुनीवर परत येणं बहुतेक फोनांत सोपं नसतं.

दादाच्या फोनवर अपडेटची सूचना कित्येक महिने तशीच पडून आहे. या चवथीला घरी गेलो की त्याच्यासमोर बसून ती मी लावणार आहे.