डीएमएलटीनंतर कंपन्यांत मद्य व अमली पदार्थ चाचणी करणाऱ्या तंत्रज्ञाची नोकरी घ्यावी का?

डीएमएलटी, म्हणजे वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका, पूर्ण झाले आहे, नवी मुंबईच्या रबाळे-महापे पट्ट्यातील कारखान्यांना चाचणीसाठी माणसे पुरवणाऱ्या एका एजन्सीत १८,००० रुपयांची नोकरी मिळते आहे, ती घ्यावी की रुग्णालयाच्या प्रयोगशाळेसाठी थांबावे, एवढेच आपण विचारले असते तर मी उत्तर लिहायला बसले नसते. पगाराचे हिशेब सांगणारे येथे पुष्कळ आहेत. परंतु प्रश्नाच्या शेवटी आपण जोडले आहे की, "नळीत फुंकायला तर गेटवरचा वॉचमनही लावतो, मग यात तंत्रज्ञाला शिकण्यासारखे काय आहे?" ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांत मी हेच काम अनेक वर्षे करत आले आहे, आणि हे वाक्य मी बाहेरच्यांपेक्षा आमच्याच धंद्यातील लोकांच्या तोंडून अधिक ऐकले आहे.

वॉचमन ते काम करतो हे खरे आहे, आणि माझ्यापर्यंत येणाऱ्या निम्म्या तक्रारी त्यातूनच जन्माला येतात. सकाळच्या पाळीला गेटवर रांग लागते, वॉचमन यंत्र तोंडासमोर धरतो आणि आकडा दिसला की माणसाला बाजूला उभा करतो. त्या माणसाने दोन मिनिटांपूर्वी माउथवॉशने चूळ भरली होती का, घरून निघताना द्राक्षासव किंवा दशमूलारिष्ट घेतले होते का, वॉचमनने स्वतःच्या हातांना नुकतेच सॅनिटायझर चोळले होते का, हे प्रश्न तेथे कोणीही विचारत नाही. तोंडात रेंगाळलेले अल्कोहोल आणि रक्तातून फुफ्फुसांत उतरून श्वासाबरोबर बाहेर येणारे अल्कोहोल यांतील फरक यंत्राला एका फुंकरीत खात्रीने कळत नाही. म्हणून पहिला आकडा आल्यावर त्या माणसाला काहीही खाऊ, पिऊ किंवा ओढू न देता निदान पंधरा मिनिटे नजरेसमोर बसवायचे आणि मग पुन्हा चाचणी घ्यायची असते. तोंडातले अल्कोहोल तेवढ्या वेळात ओसरते. रक्तातले ओसरत नाही. उलट नुकतेच पिऊन आलेल्याचा दुसरा आकडा पहिल्यापेक्षा चढलेलाही दिसतो आणि मग सुपरवायझर आपल्यालाच विचारतो की तुम्ही त्याला बसवून पाजले की काय. स्वस्तातली सेमीकंडक्टर सेन्सरची यंत्रे तर थिनर किंवा सॉल्व्हंटच्या वाफेलाही फसतात, आणि आपल्या पट्ट्यात रंगाचे व रसायनांचे कारखाने किती आहेत हे मी सांगायला नको. फ्युएल सेलचे यंत्र त्या मानाने भरवशाचे असते, पण त्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे आकडा अचूक येतो की नाही याची जुळणी, मुदतीत झालेले असले तरच.

चालकांशी होणारा वादही ठरलेला असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपर्यंत अल्कोहोल चालते, मग कंपनीत शून्य का, असे ते विचारतात. तो कायदा रस्त्यासाठी आहे आणि कंपनीचे धोरण कंपनीच्या आवारासाठी, एवढेच त्याचे उत्तर आहे; विमानाच्या कर्मचाऱ्यांना तर शून्याचा नियम आहे आणि अल्कोहोल असलेला माउथवॉशसुद्धा वापरण्यास त्यांना मनाई आहे. एचआरला याच्या उलट बाजूने समजवावे लागते. नुसता दारूचा वास येणे म्हणजे माणूस नशेत असणे नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली महाराष्ट्रातल्याच एका वाहनचालकाच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. खात्यांतर्गत चौकशीला फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही हे मान्य केले, तरी वासावर अहवाल लिहिणाऱ्याच्या शेजारी मी सही करत नाही.

आता लघवीच्या चाचणीकडे येते, कारण माझा खरा राग तेथे आहे. नमुना कसा घ्यावा याची आपल्याकडे पाळली जाणारी बहुतेक शिस्त अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या नियमांवरून आलेली आहे. नमुना हाती येताच चार मिनिटांच्या आत त्याचे तापमान ३२ ते ३८ अंश सेल्सिअसमध्ये आहे की नाही हे पाहायचे, शौचालयाच्या पाण्यात निळा रंग टाकायचा, नळ बंद ठेवायचे, नमुना दोन बाटल्यांत विभागून त्या माणसाच्या डोळ्यांदेखत सील करायच्या आणि बाटली कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेली याची सलग नोंद ठेवायची. हे सारे कोणीही आठवड्यात शिकू शकतो. कॅसेट, म्हणजे लघवीचे थेंब टाकून निकाल दाखवणारी चाचणीपट्टी, वाचायलाही वेळ लागत नाही, फक्त ती गर्भचाचणीच्या नेमकी उलट वाचायची असते, म्हणजे रेषा उमटली तर निगेटिव्ह आणि फिकट उमटली तरीही निगेटिव्ह. दोन रेषा पाहून दचकलेले एचआर मॅनेजर मी पाहिले आहेत.

एका वर्षी दिवाळीनंतरच्या आठवड्यात मी महापे येथील एका कारखान्यात अचानक चाचण्यांसाठी गेले होते. संगणकाने काढलेल्या यादीत एका हायड्रा (फिरती क्रेन) चालकाचे नाव आले. तो शहापूरकडचा, पन्नाशी ओलांडलेला, गळ्यात तुळशीची माळ असलेला आणि अपघाताची एकही नोंद नसलेला माणूस होता. तापमान बरोबर, सील बरोबर, औषधांच्या रकान्यात त्याने स्वतःच्या हाताने "काही नाही" असे लिहिलेले. आणि कॅसेटवर अफूजन्य पदार्थांच्या जागी रेषा उमटलीच नाही. अर्ध्या तासात ही बातमी स्टोअरपर्यंत पोहोचली. त्याचे सहकारी मला सांगू लागले की, "ताई, माळकरी माणूस आहे तो, चहासुद्धा मोजून पितो." माळ हा पुरावा नव्हे, हे मी त्यांना तेव्हाही सांगितले आणि आजही सांगेन. माळ घालून "बटण" म्हणतात त्या नशेच्या गोळ्या खाणारेही असू शकतात.

पण ती कॅसेट हासुद्धा पुरावा नव्हता. ती एका मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅमच्या मर्यादेची होती, म्हणजे तेवढा अंश असला तरी रेषा उमटत नाही. अमेरिकेत संघराज्याच्या चाचण्यांची हीच मर्यादा १९९८ मध्ये ३०० वरून थेट २,००० वर नेण्यात आली आणि त्याचे एक मोठे कारण खसखस हे होते. खसखस हे अफूच्याच बोंडातले बी असल्यामुळे त्यावर मॉर्फिनचा अंश राहतो, तो किती हे त्या त्या मालावर आणि धुण्या-शिजवण्यावर अवलंबून असते, आणि भरपूर खाल्ल्यास एक-दोन दिवस तो लघवीत सापडू शकतो. आखाती देशांत जाणाऱ्यांना सामानात खसखस नेऊ नका असे सांगितले जाते ते उगीच नव्हे. हे सगळे मला ठाऊक होते, तरी मी त्या चालकाला खाण्यापिण्याबद्दल काहीही विचारले नाही, कारण ते विचारून अर्थ लावणे हे डॉक्टरचे काम आहे. मी फॉर्मवर एवढेच लिहिले की प्राथमिक चाचणी निगेटिव्ह नाही, नमुना पुष्टीसाठी प्रयोगशाळेत पाठवावा. आणि तोपर्यंत त्याला यंत्रावर बसवू नये असेही सुचवले, जे योग्यच होते.

एचआरला तेवढे पुरेना. त्यांनी आमच्या एजन्सीच्या मालकांना फोन लावला आणि मालकांनी मला फोनवर सुनावले, "पॉझिटिव्ह लिही, सही कर आणि नीघ. तू टेक्निशियन आहेस, डॉक्टर नाहीस." मी पॉझिटिव्ह लिहिले नाही. आमचा खरा वाद तेथून सुरू झाला आणि मी ती एजन्सी सोडल्यावरही तो मिटलेला नाही. मी डॉक्टर नाही हे त्यांचे म्हणणे शंभर टक्के खरे होते; पण मग जो निष्कर्ष डॉक्टरने काढायचा, तो माझ्या सहीने लिहून घेण्याचा अट्टहास कशासाठी होता? तंत्रज्ञाने आपली पायरी ओळखावी असे त्यांना वाटत होते, आणि मी त्या दिवशी नेमके तेच केले होते.

पुढची गोष्ट अनेकांना समजत नाही, म्हणून ती नीट सांगते. प्रयोगशाळेत जीसी-एमएसवर, म्हणजे नेमका पदार्थ आणि त्याचे प्रमाण ओळखणाऱ्या यंत्रावर, नमुना तपासला गेला आणि अहवालात मॉर्फिन सापडल्याचे आले. एचआर विजयी मुद्रेने म्हणाले, "आता तर लॅबनेही सांगितले." लॅब खोटे बोलत नव्हती, कारण खसखशीतले मॉर्फिन हे खरेखुरे मॉर्फिनच असते आणि कितीही महागडे यंत्र लावले तरी ते मॉर्फिनच दाखवणार. प्रश्न ते किती आहे आणि त्याच्यासोबत आणखी काय सापडले आहे, हा असतो. त्या अहवालातला आकडा २,००० च्या कितीतरी खाली होता, आणि हेरॉइन घेतल्यावरच शरीरात तयार होणारा ६-मोनोअॅसिटिलमॉर्फिन हा घटक आढळलेला नव्हता. कंपनीच्या धोरणात मात्र मर्यादा किती धरायची हे लिहिलेलेच नव्हते. "अमली पदार्थ आढळल्यास कारवाई" एवढेच एक वाक्य होते.

कारखान्याचे वैद्यकीय अधिकारी आठवड्यातून ठरावीक दिवशीच येत. ते आले, त्यांनी चालकाला शांतपणे काय काय खाल्ले ते विचारले, तेव्हा फराळाचे अनारसे आणि सर्दीने झोप लागत नव्हती म्हणून आईने लागोपाठ दोन रात्री करून दिलेली खसखशीची खीर बाहेर आली. खसखशीला औषध समजून रकान्यात कोण लिहिणार? डॉक्टरांनी हे प्रमाण आहारातून येऊ शकते असे लेखी मत दिले, काही दिवसांनी फेरचाचणी घेतली, ती निगेटिव्ह आली आणि चालक पुन्हा हायड्रावर बसला. त्याचे सहकारी त्याला पुढे बरेच दिवस "अफूवाले" म्हणत, आणि जी बातमी अर्ध्या तासात पसरली होती ती मागे घेण्याचे काम एचआरने केले नाही. पुढच्या महिन्यापासून त्या कारखान्याला जाणाऱ्यांच्या यादीत माझे नाव नव्हते. मालकांचे म्हणणे होते की मी "क्लायंटसमोर शंका उपस्थित केली". मी त्यांना तेव्हा जे सांगू शकले नाही ते येथे सांगते: क्लायंटने तुम्हाला पैसे दिले होते ते शंका कोठे घ्यायची हे कळणाऱ्या माणसासाठी, नाहीतर कॅसेट त्याला औषधाच्या दुकानातूनही मिळाली असती.

तेव्हा शिकण्यासारखे काय आहे, याचे उत्तर आपल्याला मिळाले असेल. लघवीतील अंश म्हणजे त्या क्षणीची नशा नव्हे, हेही येथेच शिकायला मिळते; महाशिवरात्रीला एकदाच भांग घेतलेल्याचा अंश बहुधा काही दिवसांत जातो, पण रोज गांजा ओढणाऱ्याचा अंश कित्येक आठवडे राहतो, आणि दोघांपैकी कोण आत्ता यंत्र चालवायला नालायक आहे हे कॅसेट सांगत नाही. आपली किट परदेशी यादीवर बेतलेली असल्यामुळे पाच पॅनेलच्या, म्हणजे पाच प्रकारचे पदार्थ तपासणाऱ्या, किटमध्ये आपल्याकडे क्वचितच सापडणारे पीसीपी हे अमली द्रव्य शोधले जाते आणि ठाणे-मुंबईत पोलीस सतत जप्त करत असलेले एमडी, म्हणजे मेफेड्रोन, त्यात धड सापडत नाही. ते २०१५ पासून एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याखाली आहे, तरीही. हे माहीत नसलेला तंत्रज्ञ निगेटिव्ह लिहून मोकळा होतो आणि कंपनी निर्धास्त होते.

पगाराबद्दल आपण विचारलेच आहे, तर तो कमी आहे. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतही नवख्याला फार वेगळे मिळत नाही, पण तेथे रक्तापासून जंतूंपर्यंत सगळ्या विभागांचा हात बसतो आणि पुढच्या नोकरीसाठी तो अनुभव अधिक उपयोगी पडतो, हे मी नाकारणार नाही. विमान कंपन्यांचे काम करणारी एजन्सी मिळाली तर प्राधान्य द्या, कारण तेथे नियम लेखी असतात आणि मालकाच्या फोनने बदलत नाहीत. इतर बहुतेक कारखान्यांत सगळे कंपनीच्या स्वतःच्या धोरणावर चालते, आणि काही ठिकाणी ती धोरणे खरोखर उत्तम आहेत, हे मी रागाच्या भरात विसरू नये.

मुलाखतीत मात्र तीन गोष्टी विचारा: कॅसेट निगेटिव्ह नसेल तर पुष्टीसाठी नमुना कोणत्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो, अहवालाचा अर्थ लावणारे डॉक्टर कोण आहेत, आणि यंत्राचे शेवटचे कॅलिब्रेशन कधी झाले. "किट सांगेल तेच अंतिम" असे उत्तर मिळाले तर १८,००० चे २५,००० केले तरी जाऊ नका, मग समोर बसलेले गृहस्थ माझ्या ओळखीचे असोत वा नसोत. आणि पहाटेच्या पाळीसाठी रबाळे स्थानकापासून कारखान्यापर्यंत गाडी कोण देणार, हे नेमणूकपत्रावर लिहून घ्या; तोंडी आश्वासनावर मी त्या रस्त्याने अंधारात पुष्कळ चालले आहे.