ध्रुवीय बर्फ लाल आणि हिरवे कशामुळे होते?

प्रश्न : अंटार्क्टिकातील एका संशोधन केंद्राभोवतीचे बर्फ रक्त सांडल्यासारखे लाल झाल्याची छायाचित्रे पाहण्यात आली. तो रंग शैवालाचा असल्याचे सांगितले जाते. शैवाल तर पाण्यात वाढते. मग ते गोठलेल्या बर्फात कसे जगते? आणि शैवाल असूनही त्याचा रंग लाल का?

उत्तर : ती छायाचित्रे बहुधा फेब्रुवारी २०२० मधील, गालिंडेझ बेटावरील युक्रेनच्या व्हर्नाड्स्की केंद्राच्या परिसरातील असावीत. आपली शंका अगदी रास्त आहे, कारण पाण्यावाचून हे शैवालही वाढू शकत नाही. कडक गोठलेल्या, कोरड्या बर्फात ते केवळ टिकून राहते; त्याची वाढ होते ती वितळू लागलेल्या बर्फात. ध्रुवीय उन्हाळ्यात बर्फाच्या कणाकणाभोवती पाण्याचा अतिशय पातळ थर तयार होतो आणि हे सूक्ष्म, एकपेशीय जीव त्या थरातच राहतात. वितळण्याच्या सुरुवातीला त्यांच्या पेशी हिरव्या असतात. प्रत्येकीला केसासारख्या दोन कशाभिका असतात आणि त्या हलवत पेशी कणांमधल्या पाण्यातून पोहत प्रकाशाच्या दिशेने वर सरकतात. तेथे त्यांची संख्या वाढते. पुढे कशाभिका गळून पडतात, पेशीभोवती जाड भिंत तयार होते आणि पेशीच्या आत लाल रंगद्रव्य साठू लागते. एरवी आपल्याला दिसणारे लाल बर्फ या शेवटच्या अवस्थेतले असते.

अशा बर्फाचे पाणी करून त्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर मिलिमीटरच्या साधारण पन्नासाव्या भागाएवढे, जाड भिंतीचे गोल गोळे दिसतात. आत लाल तेलाचे थेंब इतके दाटलेले असतात की मधले हरितद्रव्य बहुतेक वेळा दिसतच नाही. पण ते असते, आणि प्रकाशसंश्लेषणही चालू असते. लाल दिसणारे हे शैवाल वंशाने हिरव्या शैवालांच्याच गटातले आहे. त्याला दीर्घकाळ क्लॅमिडोमोनास निव्हालिस म्हटले जात असे. जनुकीय अभ्यासानंतर २०१९ मध्ये लाल बर्फातील या शैवालासाठी सँग्विना ही स्वतंत्र प्रजाती मांडण्यात आली. उत्तर आणि दक्षिण अशा दोन्ही ध्रुवीय प्रदेशांत ते आढळते.

आता लाल रंगाचे कारण. ध्रुवीय उन्हाळ्यात सूर्य दिवसाचा बहुतेक वेळ, काही ठिकाणी तर अखंड, क्षितिजाच्या वर असतो. शुभ्र बर्फावरून परतणारा प्रकाशही पेशीवर पडत राहतो. प्रकाश पकडण्याच्या क्रियेवर थंडीचा फारसा परिणाम होत नाही. मात्र त्या ऊर्जेतून अन्न तयार करणारी विकरे शून्य अंशाच्या आसपास मंदावतात. परिणामी ऊर्जा येते भरपूर आणि खर्च होते थोडी. ही शिल्लक ऊर्जा पेशीला घातक ठरते. अॅस्टाझॅन्थिन हे लाल रंगद्रव्य, जे कोळंबी आणि सामन माशातही असते, पेशीसाठी छत्रीचे काम करते : निळा-हिरवा प्रकाश आणि जंबुपार किरणांचा काही भाग ते हरितद्रव्यापर्यंत पोहोचण्याआधीच शोषून घेते. बर्फात नायट्रोजनची नेहमीच टंचाई असते, आणि अॅस्टाझॅन्थिनच्या रेणूत नायट्रोजनचा एकही अणू नसतो. नवी प्रथिने बनवणे जमत नसताना हाती उरलेल्या कार्बनचा इतका चोख उपयोग करणारी ही पेशी मला विलक्षण वाटते.

शोषलेल्या प्रकाशाची उष्णता होते आणि तिने शेजारचा बर्फाचा कण वितळतो. म्हणजे पेशीचे संरक्षण करणारा हा रंग तिला पाणीही मिळवून देतो. अशा बर्फावर पाऊल टाकले की ते दबते, पेशी जवळजवळ येतात आणि आधी जेमतेम गुलाबी वाटणाऱ्या जागी गडद लाल ठसा उमटतो.

हा रंग शैवालाचा आहे हे उमगायला वेळ लागला. आर्क्टिकमधून अटलांटिक व पॅसिफिक महासागरांना जोडणाऱ्या वायव्य मार्गाच्या शोधात निघालेल्या ब्रिटिश नौदल अधिकारी जॉन रॉस यांच्या मोहिमेला ऑगस्ट १८१८ मध्ये ग्रीनलँडच्या वायव्य किनाऱ्यावर मैलोनमैल लालसर दिसणारे बर्फाळ कडे आढळले. रॉस यांनी त्यांना क्रिमझन क्लिफ्स असे नाव दिले आणि नमुने इंग्लंडला आणले. उल्केतील लोहामुळे हा रंग आला असावा, असा तर्क लंडनच्या वृत्तपत्रात छापून आला. वनस्पतिचित्रकार फ्रान्सिस बाउअर यांनी ती बुरशी मानली. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी मात्र नमुना पाहून ते शैवाल असावे असे मत दिले, आणि तेच खरे ठरले.

प्रश्न : काही छायाचित्रांत बर्फ हिरवे दिसते. ते निराळे शैवाल असते का?

उत्तर : काही वेळा तीच पेशी कोवळ्या, हिरव्या अवस्थेत असते, तर काही वेळा जातीच वेगळ्या असतात. हिरवे शैवाल बहुधा किनाऱ्याजवळच्या ओलसर, पोषक द्रव्ये भरपूर असलेल्या बर्फात वाढते. केंब्रिज विद्यापीठ आणि ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हे यांच्या संशोधकांनी उपग्रहचित्रांवरून अंटार्क्टिक द्वीपकल्पावरील हिरव्या शैवालाचा पहिला व्यापक नकाशा २०२० मध्ये प्रसिद्ध केला. त्यात हिरव्या शैवालाचे १,६७९ पट्टे नोंदले गेले. त्यांचे एकूण क्षेत्र १.९ चौरस किलोमीटर भरले. त्यांपैकी सुमारे ६० टक्के पट्टे पेंग्विनच्या वसाहतींपासून पाच किलोमीटरच्या आत होते. पेंग्विनांच्या विष्ठेतील नायट्रोजन आणि फॉस्फरस वाऱ्याने व वितळलेल्या पाण्याने आसपास पसरतो आणि बर्फाला जणू खत मिळते. जेथे झाडे नाहीत, अशा भूभागात हे इवलेसे हिरवे क्षेत्रही महत्त्वाचे आहे. जीवाणू, बुरशी आणि इतर सूक्ष्म जीव त्याच्या आधाराने जगतात.

प्रश्न : मग ध्रुवीय बर्फ वितळण्याचा दोष या शैवालाला द्यायचा का?

उत्तर : दोष देणे अन्यायाचे होईल, पण त्याचा वाटा नाकारताही येत नाही. ताजे बर्फ सूर्यप्रकाशाचा ८० ते ९० टक्के भाग परत पाठवते. शैवालाने रंगलेले बर्फ जास्त प्रकाश शोषते आणि लवकर वितळते. वितळल्याने पाणी वाढते आणि त्या पाण्यात शैवाल आणखी वाढते. आर्क्टिकमधील अनेक हिमनद्यांवरून गोळा केलेल्या नमुन्यांच्या अभ्यासात असे दिसले, की वितळण्याच्या एका हंगामात लाल शैवालामुळे बर्फाची परावर्तनक्षमता सुमारे १३ टक्क्यांनी घटू शकते. ही घट शैवाल वाढलेल्या बर्फापुरती आहे, हे आवर्जून सांगायला हवे. तो आकडा साऱ्या आर्क्टिकला लावणे चूक होईल. धूळ आणि काजळी यांनीही बर्फ काळवंडते. ग्रीनलँडच्या हिमस्तरावरील गडद पट्ट्यात तर अॅन्सिलोनिमा हे जांभळट-तपकिरी शैवाल असते. ते उघड्या पडलेल्या हिमनदीच्या पृष्ठभागावर वाढते आणि त्याचे रंगद्रव्यही वेगळे असते. वितळण्याचे मूळ कारण हवामानाची तापमानवाढ हेच आहे. शैवाल तिचा परिणाम वाढवते.

तापमानवाढीत या शैवालाचा सर्वत्र फायदाच होईल, असेही नाही. २०२० च्या त्याच नकाशात हिरव्या शैवालाचे जवळजवळ दोन तृतीयांश पट्टे लहान, सखल बेटांवर होते. अशा बेटांवरचे उन्हाळी बर्फ पूर्णपणे नाहीसे झाले, तर शैवालाला वर सरकायला उंच जागाच नाही आणि तेथून ते नष्ट होईल. मोठ्या बेटांवर आणि द्वीपकल्पाच्या मुख्य भूमीवर मात्र वितळण्याची रेषा जसजशी उंचावेल, तसतसे ते चढावर पसरेल. संशोधकांच्या अंदाजानुसार तेथील वाढ ही बेटांवरच्या घटीपेक्षा अधिक भरेल.